पॉइंट चारची भानगड

आमच्या ह्यांना गावात कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे 'डॉक्टर' म्हणतात. ह्यांनी जन्मात कुणाची नाडी धरलेली नाही, आणि इंजेक्शनची सुई दिसली तर ह्यांनाच घेरी येते. पण गेली सव्वीस वर्षं रोज दोन वेळा समुद्राचा ताप बघायचा हे ह्यांचं काम, म्हणून डॉक्टर. शेजारी नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी एकदा तापाने फणफणलेलं लेकरू आणून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. हे म्हणाले, "बाई, मी फक्त खाऱ्या पाण्याचा बघतो." ती बाई पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी! जणू मीच ह्यांना असं उत्तर शिकवून ठेवलं होतं.

काम काय ते नीट सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे धक्क्यावर हवा खायला जातात. सकाळी सात आणि दुपारी दोन, असे दोन ठोके. बंदराच्या ऑफिसात ह्यांची एक खोली आहे, तिथून थर्मामीटर आणि वही घ्यायची आणि धक्क्याच्या पार टोकाला जायचं, जिथे पायऱ्या पाण्यात उतरतात. कॅनव्हासची बादली दोरीने खाली सोडायची, भरली की वर ओढायची, शेडच्या सावलीत ठेवायची. थर्मामीटर आत बुडवून घड्याळ लावून तीन मिनिटं थांबायचं. मग थर्मामीटर पाण्याबाहेर न काढता, कमरेत वाकून, आकडा वाचायचा. बाहेर काढला की आकडा बदलतो म्हणे. शिवाय खांबावरच्या पट्टीवरून पाणी किती चढलंय ते बघायचं, खारटपणा मोजायला एक बाटली भरायची, वारा कुठून येतोय ते लिहायचं. वहीत खाडाखोड चालत नाही.

ह्यात एका दिवसाचाही खंड नाही. आमच्या लग्नाच्या दिवशी पावणेदोनला नवरामुलगा हॉलमधून गायब झाला. माझे वडील रस्त्यापर्यंत शोधून आले, आई एका कोपऱ्यात बसून रडायला लागली, आणि मामा तर ह्यांच्या घरच्यांच्या अंगावर धावून गेला. अडीचला हे परत आले, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, चेहरा प्रसन्न. म्हणाले, "एकोणतीस पॉइंट दोन." संसारातलं पहिलं वाक्य ते. तेव्हाच शहाणी झाले असते तर!

जेवतानाही तेच. वारा किनाऱ्याला धरून वाहायला लागला की वरचं कोमट पाणी बाजूला सरकतं आणि खालचं गार पाणी वर येतं, त्याच्याबरोबर माशांचं खाणं वर येतं, आणि त्यामागे मासे. हे मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पाठ केलं, भात निवत असताना. बाहेर जो पांढऱ्या लाटांचा पट्टा दिसतो तिथे पाण्याखाली प्रवाळाची भिंत आहे. ते दगड नव्हेत, जिवंत आहेत, त्यांच्या अंगात बारीक वनस्पती राहतात आणि त्याच त्यांना जेवू घालतात. पाणी आठवड्यांमागून आठवडे जास्त तापलं की त्या वनस्पती बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. ह्यांच्या नोकरीत असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी होडीवाल्याबरोबर जाऊन बघून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मला टायफॉईड झाला होता तेव्हा मात्र तिन्ही त्रिकाळ व्यवस्थित जेवत होते, हे मी अजून विसरलेले नाही.

तर मध्यंतरी वरच्या ऑफिसातून एक संशोधक मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉप, बोलणं एकदम गोड. ह्यांना काका म्हणाली, मला काकू म्हणाली, आणि ह्यांच्या वह्यांना तिने जो हात लावला तो इतक्या जपून, की मला पोरगी तिथेच आवडली. तिने सव्वीस वर्षांचे सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवले होते. म्हणाली, "काका, सलग इतकी वर्षं, एकाच जागेवर, एकाच माणसाने घेतलेली मोजणी आपल्याकडे दुसरीकडे कुठे नाही. सव्वीस वर्षांत पाणी एकूण पॉइंट नऊ डिग्रीने तापलेलं दिसतंय." ह्यांची मान ताठ झाली. मग ती जरा अडखळली. "पण एक भानगड आहे."

भानगड अशी, की अकरा वर्षांपूर्वी एका महिन्यात आकडे अचानक पॉइंट चारने वर गेले आणि तिथेच राहिले. पाणी हळूहळू तापतं, कधी वर कधी खाली होतं, ते वेगळं. हे मात्र एका फटक्यात पायरी चढल्यासारखं.

"समुद्र असा एका दिवसात उडी मारत नाही काका," ती म्हणाली. "काहीतरी बदललं असणार. जागा, वेळ, थर्मामीटर, काहीही."

"काहीही बदललेलं नाही," हे म्हणाले.

"ते सापडलं नाही, तर ह्या मोजणीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. पंधरा दिवसांनी मोजण्या तपासणारी कमिटी बसणार आहे. कारण आणि तारीख, दोन्ही कळलं तर दुरुस्ती करता येते. नाहीतर ते सगळंच बाद करतील."

"सगळंच म्हणजे?"

"सव्वीसच्या सव्वीस वर्षं."

ह्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला. मी ह्या माणसावर आयुष्यभर चिडत आले, पण त्या क्षणी मला ह्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं की कमिटीतला एखादा समोर असता तर मी त्याला उभा सोलला असता.

मग चार दिवस तपास चालला. ती पोरगी बंदराच्या विश्रामगृहात उतरली होती आणि दिवसभर ह्यांच्या मागे. थर्मामीटर दर वर्षी तपासलेला, त्याचे कागद ह्यांनी वर्षवार लावून ठेवलेले. जागा तीच, पायरी तीच. शेडचे पत्रे बदलले होते, पण ते सहा वर्षांपूर्वी. घड्याळ बरोबर. शेवटी तिला कळलं की अकरा वर्षांपूर्वी ह्यांचा चष्म्याचा नंबर बदलला. झालं! जुना चष्मा शोधायला मी माळ्यावर चढले, शिंका देत खाली उतरले. हे एकदा जुन्या चष्म्याने, एकदा नव्या चष्म्याने थर्मामीटर वाचत बसले. आकडा तोच येत होता. धक्क्यावरचे हमाल काम टाकून बघत उभे राहिले होते, एकाने तर विचारलं, "डॉक्टर, पेशंट सीरियस आहे का?"

पाचव्या दिवशी मी तिला घरी चहाला बोलावलं. दारातून आत येताना तिचं लक्ष खिळ्याला टांगलेल्या बादलीकडे गेलं. बादली आमच्या घरीच असते. पूर्वी ऑफिसात ठेवायचे, पण एकदा कुणीतरी तिच्यात साबण कालवून स्कूटर धुतली, तेव्हापासून हे तिला रोज घरी आणतात, गोड्या पाण्याने धुतात आणि दारात टांगतात. मला तिला हात लावायची परवानगी नाही. सरकारी वस्तू!

"काका, बादली कधी बदललीत?"

"कधीच नाही. पहिल्या दिवसापासून हीच. दोऱ्या बदलल्या, बादली हीच."

आणि माझ्या हातातली किटली तिथल्या तिथे थांबली. चहा कपात पडायचा तो बशीत, बशीतून टेबलावर.

आता तुम्हाला अकरा वर्षं मागे नेते. तेव्हा ती बादली गळायची. म्हणजे भोक नव्हतं, कॅनव्हासच झिरपायचं. घरी आणून टांगली की तासभर टपटप टपटप, आणि दारात डबकं. मी फरशी पुसायची, पुन्हा डबकं, मी पुसायची. सांगून सांगून माझी जीभ झिजली. एक दिवस माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या, चारच्या सुमारास. दारात पाऊल टाकलं आणि धाडकन पडल्या. मनगट मोडलं. हे त्यांना घेऊन दवाखान्यात गेले आणि मी घरात त्या बादलीसमोर उभी राहिले. डोकं असं फिरलं होतं म्हणता! माझा जुना रेनकोट काढला, कात्रीने कापला. बादलीचं कापड दुहेरी आहे. वरची शिवण उसवली, दोन कापडांच्या मधे रेनकोटचं कापड चहूबाजूंनी आणि तळाशी सरकवलं, आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने, त्याच भोकांतून, पुन्हा शिवून टाकली. बाहेरून काही दिसत नव्हतं, आतूनही नाही. शिवणाच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून टपटप बंद. सांगणार होते मी, खरंच सांगणार होते. पण आठवड्याभराने ह्यांच्या लक्षात आलं आणि हे मला दारात उभं करून समजावायला लागले. "बघितलंस? मिठाने कॅनव्हासचे धागे फुगतात. फुगून फुगून भोकं बुजतात. मी म्हणत नव्हतो, जरा धीर धर? तुला कशातच धीर नाही." मी म्हटलं, "हो का? बरं झालं हो." आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. त्यानंतर सांगायची इच्छाच राहिली नाही. पुढे दोन-चार पाहुण्यांनाही ह्यांनी ते फुगणारे धागे समजावून सांगितले.

तर त्या चहाच्या वेळी, रेनकोटने समुद्र कसा तापेल हे काही माझ्या डोक्यात शिरेना. हे हात धुवायला आत गेले तसं मी पोरीला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच विचारलं, "समजा हं, नुसतं समजा, एखादी बादली आधी झिरपत होती आणि मग झिरपायची थांबली, तर काही फरक पडतो?"

तिने कप खाली ठेवला. "काकू, ताप आल्यावर कपाळावर ओलं फडकं ठेवतो, ते गार का लागतं? पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. झिरपणारी बादली बाहेरून ओली असते. तीन मिनिटं वाऱ्यात ठेवली की आतलं पाणी थोडं गार होतं. झिरपायचं थांबलं तर गार होणार नाही, आकडा जास्त येईल." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "काकू?"

मी सगळं ओकले. तिने मधेच माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "तारीख आठवते?"

तारीख! नणंदबाई दर वर्षी न चुकता त्या दिवशी फोन करतात. "आज बरोबर आठ वर्षं झाली हो, तुमच्या दारात माझं मनगट मोडून." मग नऊ, मग दहा. माझ्या वाढदिवसाला त्यांचा फोन कधी आलेला नाही, पण ह्या तारखेला चुकत नाही. मी तारीख सांगितली, वर वेळही सांगितली. तिने लॅपटॉप उघडून बघितलं. उडी बरोबर दुसऱ्या दिवसापासून होती.

पोरीला आनंदाने उड्या मारायच्या होत्या. मला मात्र अजून ह्यांना सांगायचं होतं. ती म्हणाली, "मी सांगू का?" मी म्हटलं, "नको. शिवलं मी, सांगेन मीच."

हे तोवर ऑफिसात निघून गेले होते. मी बादली घेऊन तिथे गेले. टेबलावर वह्यांचा ढीग, हे मधे बसलेले, एकेक पान बोटाने तपासत. माझ्या हातात बादली बघूनच कपाळावर आठ्या आल्या.

"अहो, हिच्यात माझा रेनकोट आहे."

"कशात?"

"बादलीत. शिवलाय. आतल्या आत. ताई पडल्या त्या दिवशी."

ह्यांनी बादली घेतली. काठावर बोटं फिरवली, कापड चिमटीत धरून चोळलं. आतून रेनकोट सळसळला. अकरा वर्षं रोज दोनदा जी वस्तू हातात धरली, तिच्यात रेनकोट आहे हे ह्यांना कळलं नव्हतं, आणि हा माणूस थर्मामीटरची अर्धी रेघ चुकू देत नाही.

"अकरा वर्षं?" हे म्हणाले.

"अकरा वर्षं."

बादली टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "आणि मी धागे फुगतात म्हणालो तेव्हा?"

"मी हो म्हणाले."

त्याचाच राग आला ह्यांना. बादलीचा नाही, मोजणीचा नाही, त्या 'हो'चा. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताटाकडे बघायचे, उठायचे. माझीच चूक होती, मला तोंड वर करायला जागा नव्हती, म्हणून मीही गप्प. आमच्या घरात इतकी शांतता कधी नव्हती, मला ती अगदी खायला उठली.

पण पोरीने कमिटीकडून मुदत वाढवून आणली आणि काम लावून दिलं. जुन्यासारखीच झिरपणारी दुसरी बादली शिवायची, आणि चाळीस दिवस, दोन्ही वेळा, दोन्ही बादल्या बरोबर पाण्यात सोडायच्या. फरक किती पडतो तो लिहायचा. बादली अर्थात मी शिवली, त्याच मापाची, त्याच कापडाची, रेनकोटशिवाय. आता दोन बादल्या एकाच वेळी वर ओढायच्या तर चार हात लागणार. हे पहिल्यांदा बोलले. "सातला तयार राहा. उशीर चालत नाही."

इतक्या वर्षांत मी धक्क्याच्या टोकापर्यंत कधी गेले नव्हते, खरं सांगते. माझी दोरी हातातून निसटली, बादली उलटी पडली, एकदा मी स्वतःच पायरीवरून घसरले आणि ह्यांनी दंड धरून वर ओढलं, वर हे की "वेळ लिहून घे, दोन सेकंद गेले." आणि मग ती तीन मिनिटं! दोन बादल्या सावलीत, आम्ही दोघं बाजूला उभे, करायचं काही नाही. पहिले काही दिवस समोर बघत उभे राहिलो. मग मीच विचारलं, "तिकडे पाणी मातकट का?"

डावीकडच्या खाडीतून कांदळवनातलं पाणी येतं म्हणून. ते गोडं असतं, हलकं असतं, खाऱ्या पाण्याच्या वर पसरतं, आणि दोघांची सीमा एका रेघेने दिसते. ती रेघ खरंच दिसत होती. रोज थोडी सरकायची, भरतीला आत, ओहोटीला बाहेर. समोर उथळ वाळूवर पाणी फिकट हिरवं, मग प्रवाळाच्या भिंतीपाशी फेसाची माळ, आणि तिच्या पलीकडे तळ एकदम खोल गेलेला म्हणून गर्द निळं. अर्धं वर्ष प्रवाह भूशिराकडे वाहतो, अर्धं वर्ष उलटा. हे सगळं मी भात वाढता वाढता शंभरदा ऐकलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. तिसाव्या दिवशी वारा फिरला, आमच्या दोन्ही बादल्यांत पाणी दीड डिग्रीने गार आलं, आणि ह्यांनी माझा खांदा धरून दाखवलं, "खालचं पाणी वर आलं. बघ आता, परवा होड्या भरून येतील." आल्या. मला इतका आनंद झाला जणू मासे मीच धाडले होते.

चाळीस दिवसांचा हिशेब निघाला. वाऱ्याच्या दिवशी फरक पॉइंट पाच, पडल्या हवेत पॉइंट तीन, सरासरी बरोबर पॉइंट चार. कमिटीने मोजणी मान्य केली. एकही वर्ष बाद झालं नाही. पोरीने स्वतः फोन केला, ह्यांनी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. वर कमिटीच्या कागदात कारण म्हणून 'निरीक्षकाच्या पत्नीने घातलेले अस्तर' असं छापून आलंय, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

आठवड्याने टपालाने मोठा गुंडाळलेला कागद आला. सव्वीस वर्षांची रेघ, दुरुस्त केलेली. ह्यांनी तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मधली ती पायरी गेली होती, साफ पुसली होती. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. मी म्हटलं, "चला, सुटलो. म्हणजे समुद्र काही तापला नव्हता, माझ्या रेनकोटनेच घोळ घातला होता."

ह्यांनी रेघेच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं आणि हळूहळू उजवीकडे नेलं. बोट वर चढत होतं. फार नाही, पण चढत होतं. पार शेवटपर्यंत.

"पॉइंट नऊ होते," हे म्हणाले. "त्यातले चार तुझे. ते गेले. पाच राहिले."

"ते कुणाचे?"

ह्यांनी बोट तसंच कागदाच्या टोकाशी ठेवलं होतं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझेच असते ना गं सगळे, तर फार बरं झालं असतं."

ह्या माणसाने इतक्या वर्षांत माझ्यावर शंभर गोष्टींचं खापर फोडलं असेल, आणि मी एकही निमूट ऐकून घेतली नाही. त्या दिवशी मात्र मी भांडले नाही. नऊच्या नऊ मी आनंदाने माझ्या अंगावर घेतले असते.